ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बदलताना सापडलेलं ‘दु’ आणि ‘ख’

दाखलांक | शनिवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात साहाय्यक ग्रंथपाल आहे. कुठलं ते विचारू नका, निवृत्तीला अजून अकरा वर्षं आहेत.

आमचं सॉफ्टवेअर २००३-०४ मधलं. ज्यांनी बसवून दिलं त्यांच्या ऑफिसचा नंबर आता एका केटरिंगवाल्याकडे लागतो. थट्टा नाही, त्याने मला उपवासाच्या थाळीचा भाव सांगितला. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २००८ आहे, त्याचे सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच बंद केले. काउंटरवरच्या एका पीसीला मागे डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली) आहे. तो निघाला की देवघेव बंद, म्हणून त्याला सेलोटेप लावलाय आणि सेलोटेपवर ‘हात लावू नये’. केर काढणाऱ्या मावशीसुद्धा त्या टेबलाखाली झाडू घालत नाहीत.

इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. आता नॅक (विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था) येतंय म्हटल्यावर ‘ओपॅक (म्हणजे ग्रंथालयाची ऑनलाइन तालिका) मोबाइलवर दिसलं पाहिजे’ असा फतवा निघाला. समितीच्या चार बैठका, पाच वेळा चहा, आणि कोहा घ्यायचं ठरलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोहा हे मुक्तस्रोत ग्रंथालय सॉफ्टवेअर आहे, जन्म न्यूझीलंडचा. तिथल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचं जुनं सॉफ्टवेअर वाय-टू-केमध्ये (२००० साल लागतानाच्या तारखांच्या घोळात) चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी १९९९ साली नवीन लिहून घेतलं आणि २००० च्या जानेवारीत सुरू करून पुढे जगाला फुकट देऊन टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडच्या आहेरासारखंच, घेतलेल्यानं कधीतरी परत करायचं असतं.

चाचणीसाठी एका जुन्या पीसीवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकून कोहा बसवलं. एका दुपारचं काम. मग जुन्या सिस्टीममधून नोंदी काढून आत घातल्या, आणि तिथून पुढचे सहा आठवडे मी घरी नीट जेवलेलो नाही. एकूण प्रती एक लाख नव्वद हजाराच्या आसपास, त्यातली चाळीसेक हजार पुस्तकं मराठी. इंग्रजी व्यवस्थित आली. मराठीचा निम्मा भाग उलटे उद्गारचिन्ह, पौंडाची खूण, टोपी घातलेली अक्षरं असा दिसतोय. उरलेला निम्मा नीट दिसतो, पण शोधला की सापडत नाही.

कुणी हे केलंय का? काय काय पुढ्यात येणार आहे ते आधीच सांगून टाका.

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो | शनिवार, रात्री ११:२०

वाचनखूण साठवली. केटरिंगवाल्याचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.

---

कपाट_नं_७ | रविवार, सकाळी ६:४५

निवृत्त ग्रंथपाल आहे, त्यामुळे या वेळेला जागा असतो.

दाखलांक, तुमच्या आधीची पिढी कार्डांची. फोर्टात राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठ ग्रंथालयात विद्यार्थी म्हणून जायचो, तेव्हा कार्डांचे लाकडी खण ओढायचा एक विशिष्ट आवाज असायचा. १८७८ साली बांधून झालेली इमारत ती, खणही तितकेच जुने वाटायचे. पुढे नोकरीत युनेस्कोचं सीडीएस-आयएसआयएस हे नोंदींचं सॉफ्टवेअर आलं, मग त्याचं विंडोजवरचं रूप विनआयसिस. फ्लॉपीवर यायचं. मराठीचा प्रश्न तेव्हाही होता आणि आम्ही तो फार सोप्या रीतीने सोडवला: मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत टाइप केली. प्रत्येकानं आपापल्या मनाने. एकच शब्द एका क्लार्कने एका ‘ए’ने लिहिला, दुसऱ्याने दोन ‘ए’ने. ती घाण तुमच्याही डेटात खोल कुठेतरी असणार, शोधा.

---

रूट_पासवर्ड | रविवार, दुपारी १२:१०

आयटीवाला. दोन कॉलेजांचं कोहा सांभाळतो, शनिवार-रविवार, ओळखीपाळखीत.

बिघडलेला निम्मा भाग म्हणजे जुन्या फॉन्टचा डेटा. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचा सामाईक संकेत) रुळायच्या आधी मराठी टायपिंग म्हणजे खरं तर चित्रं काढणं होतं. कॉम्प्युटरला वाटायचं आपण पौंडाची खूण साठवतोय, फॉन्ट तिथे ‘भ’ची अर्धी दांडी काढायचा. फॉन्ट गेला की उरते नुसती पौंडाची खूण. कन्व्हर्टर मिळतात, पण डोळे झाकून चालवू नका. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा ‘र’ आधी. कन्व्हर्टरने ही उचलठेव नीट केली नाही तर ‘मार्मिक’सारख्या जोडीत वेलांटी भलत्याच्या गळ्यात पडते.

दुसरं. मार्क म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी साठवायची प्रमाणित रचना. प्रत्येक मार्क नोंदीच्या सुरुवातीला चोवीस जागांचा लीडर असतो. त्यातली ०९ क्रमांकाची जागा बघा. तिथे ‘ए’ असेल तर नोंद युनिकोडमधली समजली जाते. जागा रिकामी असेल तर सॉफ्टवेअर तिला जुन्या मार्क-८ संकेतातली समजून ‘सुधारायला’ जातं आणि चांगल्या देवनागरीचा भुगा करतं. मी स्वतः तीन रात्री यात घालवल्यात.

तिसरं. मार्क नोंदी ज्यात नेहमी पाठवतात त्या आयएसओ २७०९ फाइलमध्ये एका नोंदीची लांबी पाच आकड्यांत लिहितात, म्हणजे ९९,९९९ बाइट्सच्या वर जागाच नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट्स खातं. एकाच क्रमिक पुस्तकाच्या शेकड्यांनी प्रती असतील तर ती नोंद तुटू शकते. मार्क-एक्सएमएलमध्ये काढा, ही मर्यादाच राहत नाही.

आणि बॅकअप. कोहा रोज आपणहून बॅकअप घेतं, पण मूळ सेटिंगमध्ये दोनच दिवसांचे ठेवतं. शुक्रवारी बिघडलं आणि सोमवारी कळलं तर हातात काय उरतं ते बघा. रोजची एक प्रत दुसऱ्या इमारतीत जाऊ द्या.

---

दाखलांक | रविवार, रात्री ९:०५

रूट_पासवर्ड, तुमच्या पायाचा फोटो पाठवा, नमस्कार करतो. ०९ रिकामीच होती. सगळ्या नोंदींत. ‘ए’ घालून पुन्हा आयात केलं आणि बरंचसं मराठी माणसात आलं. आधीची आयात मागे घ्यायची सोय कोहात आहे हे फार बरं. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मागे घ्यायचं म्हणजे देवाला सांगायचं.

---

गांधीनगर_मार्गे | रविवार, रात्री ९:४०

कोहाच का पण? इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं सोल हे सॉफ्टवेअर आहे की, खास भारतातल्या विद्यापीठांसाठी केलेलं. पहिली आवृत्ती २००० ची, दुसरी २००९, तिसरी २०२१. आमच्याकडे चालतं, प्रशिक्षण मिळतं, हिंदी-इंग्रजीत सांगणारा माणूस फोनवर असतो. मुक्तस्रोत म्हणजे फुकट असा लोकांचा समज असतो. सांभाळणारा माणूस गेला की मग कळतं किंमत.

---

रूट_पासवर्ड | रविवार, रात्री १०:१५

शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. कोहाची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मे आणि नोव्हेंबर. अपडेट करणारा कुणी नसेल तर पाच वर्षांनी कोहासुद्धा डोंगलवाल्या पीसीच्या रांगेत जाऊन बसेल. सोल वाईट नाही. माझं म्हणणं एवढंच, डेटा प्रमाणित मार्कमध्ये स्वच्छ ठेवा, मग सॉफ्टवेअर कुठलंही घ्या आणि कंटाळा आला की बदला.

---

एसवाय_बीए_नापास_नाही | रविवार, रात्री ११:५८

विद्यार्थ्यांच्या बाजूने एक बोलू का? तुम्ही लोक सर्व्हर, लीडर, मार्क बोलताय. आमचा प्रॉब्लेम असा की ओपॅकवर ‘उपलब्ध’ लिहिलेलं पुस्तक मांडणीवर नसतं. मी एका संदर्भग्रंथासाठी तीनदा गेले. तीनदा ‘उपलब्ध’. चौथ्यांदा काउंटरवरचे सर म्हणाले, ते बाइंडिंगला गेलंय, दिवाळीच्या आधी. आता होळी आली. नवीन सॉफ्टवेअरमध्ये हे दिसेल का?

---

कपाट_नं_७ | सोमवार, सकाळी ६:३०

दिसेल, जर कुणी बाइंडिंगला पाठवताना स्थिती बदलली तर. कोहात ‘बांधणीला’, ‘हरवले’, ‘बाद’ सगळ्याला जागा आहे. जागा आमच्या वहीतही होती. बाळ, तुझं पुस्तक सॉफ्टवेअरने हरवलेलं नाही.

---

दाखलांक | गुरुवार, रात्री ११:३०

नवीन भानगड. मोठी आहे, बैठक मारून वाचा.

चाचणीत आमच्या मराठीच्या मॅडमना बसवलं. त्यांनी ‘दुःख’ शोधलं. शून्य निकाल. मराठी वाङ्मयात दुःखावर एकही पुस्तक नाही हे त्यांना पटेना. मलाही नाही.

शोधून शोधून सापडलं ते असं. आपल्याकडे बहुतेक जण विसर्ग टाइप करत नाहीत, कोलन टाइप करतात. दिसायला दोन टिंबं ती दोन टिंबंच. पण विसर्ग हे देवनागरीचं चिन्ह आणि कोलन हे विरामचिन्ह, कॉम्प्युटरच्या लेखी दोघांचं काही नातं नाही. एवढ्यावर भागलं असतं. पण मार्कमध्ये २४५ क्रमांकाच्या क्षेत्रात पुस्तकाचं नाव असतं आणि शीर्षक-उपशीर्षकाच्या मध्ये पद्धतीप्रमाणे कोलन येतो. आमच्या निर्यातीची स्क्रिप्ट ज्याने लिहिली त्याने हुशारी केली: जिथे कोलन दिसेल तिथे नाव तोडायचं, पुढचं उपशीर्षकात टाकायचं. त्यामुळे आमच्याकडे आता ‘दु’ नावाची पुस्तकं आहेत, ज्यांचं उपशीर्षक ‘ख’पासून सुरू होतं. ‘नि’ नावाची पुस्तकं आहेत, उपशीर्षक ‘शब्द...’. ‘अंत’ नावाची, उपशीर्षक ‘करण...’. एका ग्रंथाचं नाव नुसतं ‘पुन’.

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो | गुरुवार, रात्री ११:३४

दुःखाचे दोन तुकडे झाले तर ते वाटून घेता येतं.

---

चहा_बिनसाखर | गुरुवार, रात्री ११:४१

‘अंत’ नावाची पुस्तकं परीक्षा विभागाजवळच्या मांडणीत ठेवा.

---

रूट_पासवर्ड | शुक्रवार, सकाळी ८:५०

(लोकलमधून लिहितोय, चुका पोटात घाला.)

हे आधी डेटात दुरुस्त करा, शोधयंत्रात नाही. असे शब्द मोजके असतात: दुः, निः, अंतः, पुनः, स्वतः, प्रातः, अधः. उपक्षेत्र ‘ए’ यांपैकी कशावर संपतंय त्या नोंदी वेगळ्या काढा आणि डोळ्यांनी बघून जोडा. स्क्रिप्टने आपोआप जोडू नका, ‘अंत’ नावाचं खरंच एखादं पुस्तक निघेल.

आता शोधयंत्राचं. कोहाच्या झेब्रा या शोधयंत्राचे मूळ नियम युरोपी लिप्या समोर ठेवून केलेले आहेत. देवनागरीसाठी आयसीयूचे (युनिकोड हाताळणाऱ्या सॉफ्टवेअर-संचाचे) नियम लावा आणि पूर्ण इंडेक्स नव्याने बांधा. तरीही मराठीच्या तीन जागा हाताने बघाव्याच लागतात.

पहिली, अर्धा ‘र’. ‘दऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसकट ‘जे’ची कळ दाबून येणारा नुक्त्याचा ‘ऱ’, हा एक. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तंतोतंत सारखे, आत वेगळे.

दुसरी, ‘ॲ’. हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या तुमच्या सगळ्या नोंदींत ‘अ’वर चंद्र ठेवलेला असणार. हे दोन्ही आपोआप एक होत नाहीत, नियम लिहावा लागतो.

तिसरी, आकडे. कुणी १८५७ देवनागरीत शोधतो, नोंद इंग्रजी आकड्यांत असते. तोही एक नियम.

---

कपाट_नं_७ | शुक्रवार, सकाळी ९:१५

थांबा. अर्ध्या ‘र’बद्दल एक शंका. नुक्ता आणि ते न दिसणारं चिन्ह दोन्ही काढून टाकलंत तर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच होतील. एकीकडे सह्याद्री, एकीकडे अरबी समुद्र. आणि ‘आचाऱ्यांना’ शोधलं की ‘आचार्यांना’ येतील. शंकराचार्यांच्या शेजारी मोदक-करंज्या.

---

रूट_पासवर्ड | शुक्रवार, सकाळी ९:४०

काका, म्हणूनच काढून टाकायचं नाही, दोन प्रकारच्या ‘ऱ्य’ला एकत्र आणायचं, ‘र्य’ला बाजूला ठेवायचं. एका ओळीचा नियम आहे, पण ती ओळ मराठी माणसानेच लिहायला हवी. तयार पाकिटात ती येत नाही. (खरं सांगायचं तर मी माझ्या एका कॉलेजात सगळं एकच करून टाकलंय. जास्तीचं आलं तर वाचक नजरेने गाळतो. आलंच नाही तर पुस्तक नाहीच असं समजून निघून जातो.)

---

गांधीनगर_मार्गे | शुक्रवार, दुपारी १:२०

हे वाचून आमच्या ओपॅकवर ‘दुःख’ शोधून आलो. आमच्याकडेही शून्य. विसर्गाऐवजी कोलन देऊन शोधलं तर एकोणीस. सॉफ्टवेअरचा वाद मागे घेतो.

---

भांडुपची_सून | शुक्रवार, दुपारी ३:०२

अवांतर, पण जुन्या सर्व्हरचा विषय निघालाय म्हणून. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला होता. ऑनलाइन तालिका शोधायला पुन्हा सुरू झाली ती २०२४ च्या जानेवारीच्या मध्यावर, तीही मर्यादित स्वरूपात. मार्चमध्ये त्यांनी स्वतःच अहवाल छापला आणि त्यात कबूल केलं की जुनाट सिस्टीममुळे सावरायला जास्त वेळ लागला. काही सॉफ्टवेअर नव्या यंत्रणेवर परत उभीच करता येईनात. हा अहवाल समितीपुढे ठेवा, पैसे मंजूर होतील. आमच्याकडे झाले.

---

दाखलांक | शुक्रवार, रात्री १०:१०

ठेवतो. आमच्या समितीला लंडन म्हटलं की ऐकू येतं.

आरएफआयडीचं (पुस्तकांना रेडिओ टॅग लावायच्या यंत्रणेचं) कोटेशन घेऊन एक जण परवा येऊन बसला होता. गेट, किऑस्क, टॅग सगळं. मी म्हटलं, आधी दाखल नोंदवही आणि मांडणी जुळू दे. चुकीच्या नोंदीला टॅग चिकटवला तर ती नुसती जास्त वेगाने चुकेल. त्याला ते आवडलं नाही.

---

रूट_पासवर्ड | शुक्रवार, रात्री १०:३५

बरोबर केलंत. आणि स्थलांतर करताना कुणी कधी कुठलं पुस्तक नेलं याचा वीस वर्षांचा इतिहास सरसकट आत घेऊ नका. चालू देवघेव आणि थकलेला दंड एवढं पुरे. जुन्या इतिहासातली नावं पुसायची सोय कोहात आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर तर हे असं पडून ठेवणं म्हणजे उगाच डोक्यावर ओझं.

---

दाखलांक | काही आठवड्यांनी, रविवार दुपार

अपडेट.

गेल्या सोमवारी नवीन सिस्टीम सुरू झाली. पहिल्या दिवशी बारकोड गन चालेना. जुन्या सॉफ्टवेअरला बारकोडच्या पुढेमागे तारा (*) लागायचा, त्यामुळे गन तसा पाठवते आणि कोहाला तो नको असतो. दोन तास सगळे दाखलांक (पुस्तकांचे नोंदणी क्रमांक) हाताने मारले, रांग झेरॉक्सच्या दुकानापर्यंत. सेटिंग एका ओळीचं होतं. असो.

सांगायचं वेगळंच आहे. नोंदी साफ करताना ‘स्थान’ हा रकाना बघत होतो. संदर्भ विभाग, पहिला मजला, नियतकालिकं, बांधणी, असं ठीक चाललं होतं. मध्येच एक स्थान निघालं: ‘मामांकडे’. त्रेसष्ट पुस्तकं. सगळी मराठी, सगळी १९३०-४० च्या आसपासची. माझ्या आधीच्या कुणाला त्याचा अर्थ माहीत नाही. स्कॅनिंगवाली मुलगी म्हणाली, बाद करून टाकूया का? मी हो म्हणणार होतो.

मग जुन्या क्लार्क बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अहो मामा म्हणजे आपले शिपाई, २०११ ला रिटायर झाले ते. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, तेव्हा आमच्या तळमजल्यात कमरेइतकं पाणी. मामा घरी जाऊ शकले नाहीत. रात्रभर खालच्या मांडणीतली पुस्तकं उचलून वर नेत होते. वरच्या एका लोखंडी कपाटात जागा होती, तिथे भरली, कुलूप लावलं. बाईंनी नंतर सिस्टीममध्ये टाइप केलं ‘मामांकडे’, तात्पुरतं म्हणून.

कपाट जागेवरच आहे. गेली कित्येक वर्षं त्याच्यावर आम्ही जुने मॉनिटर ठेवतो.

---

एसवाय_बीए_नापास_नाही | रविवार, दुपारी ४:१५

आणि किल्ली?

---

दाखलांक | सोमवार, रात्री ९:२०

किल्ली मामांकडे. विरारला राहतात, आज जाऊन आलो. देव्हाऱ्याच्या खणात, कापडात बांधून. मला म्हणाले, ‘साहेब, मी रिटायर होताना दिली होती, कुणी घेतली नाही.’

बासष्ट मिळाली. दोन-तीन कसर लागलेली, बाकी सुकी. त्रेसष्टावं रजिस्टरप्रमाणे कपाटात हवं, नाहीये. ते मामांना विचारलेलं नाही.

कोहात स्थानांची यादी नव्याने भरायची होती. पहिला मजला, संदर्भ, नियतकालिकं, बांधणी असं सगळं टाकलं. त्या कपाटाला ‘दुर्मीळ संग्रह’ म्हणावं असं समितीचं मत पडलं, तसं टाकलंय. संक्षेपासाठी अक्षरं मागत होतं, तिथे मी ‘मामा’ लिहिलंय.

---

कपाट_नं_७ | मंगळवार, सकाळी ६:२५

कसरीचं आधी बघा. त्या बासष्टांना बाकीच्या मांडणीत मिसळू नका, निदान पावसाळा जाईपर्यंत. आणि बारकोड सरळ मलपृष्ठावर चिकटवू नका, त्या काळचा कागद गोंदाने सोलून निघतो. पातळ कागदाची पट्टी आत घालून तिच्यावर चिकटवा.